दसऱ्याच्या रंगावर ओरखडा

"आदी खरवडा, मंग बोला."

बंद पडलेल्या गाडीसमोर उभं राहून कुणी लांबलचक कहाणी सांगायला लागलं की आबा एवढंच म्हणायचे. मग खिशातून चाकू काढायचे, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघायचे, आणि जिथं दिवा किंवा भोंगा गाडीच्या अंगाला बसवलेला असेल तिथला रंग खरवडायला लागायचे. खर्र, खर्र. चाकू आपल्याच काळजावर फिरतोय असं तोंड गाडीवाला करायचा. खालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत आबांचा हात थांबत नसे. पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागायचं आणि दिवा लागायचा.

त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक आडनाव विचारतात, आडनाव कळलं की जात विचारतात, आणि माणूस राहतो बाजूला. मला त्याचा संताप येतो. तुम्हीही त्यांना आबाच म्हणा, सगळा रस्ता म्हणायचा.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या आसपासची गोष्ट. लोणावळ्यात, मुंबई-पुणे रस्त्याला लागून एक मोटार गॅरेज होतं, तिथं मी कारकून होतो. गाडी आली की नंबर लिहायचा, काय बिघडलंय ते लिहायचं, काय दुरुस्त केलं ते लिहायचं. मॅट्रिकला गणितात गटांगळ्या खाल्ल्या होत्या, पण अक्षर मोत्यासारखं, त्या जोरावर चिकटलो होतो. आबा तिथले वायरमन. गाडीतलं विजेचं जे काही असेल ते त्यांच्याकडं.

आणि गंमत बघा, आबांच्या स्वतःच्या वाडीत वीज नव्हती. बेडसे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराशी पंधरावीस घरांची वाडी, घरोघरी रॉकेलची चिमणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या मोटारींच्या आवारात ते हमालीला गेले आणि तिथल्या मिस्त्रीचा हात बघून बघून काम शिकले. एकदा आमच्याकडच्या पेंटरनं त्यांना टोचलं, "आबा, घरात दिवा नाही आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना दिवे लावत बसता." आबांनी मान वर न करता विचारलं, "आचाऱ्याच्या घरी रोज लगीन आसतं व्हय?"

त्यांची हत्यारं दोनच. एक तो चाकू आणि दुसरा एक बल्ब, ज्याला दोन तारा डकवलेल्या होत्या. एक तार इथं टेकवायची, दुसरी तिथं, बल्ब लागला तर वीज आली, नाही लागला तर कुठंतरी वाट तुटली. मला हे कळेना, तेव्हा त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत भाकरीचा तुकडा मोडता मोडता समजावलं.

"वीज म्हंजी लेकीगत, भाऊ. ब्याटरी तिचं म्हायेर. तारंनं दिव्यात जाती, ते सासर. पर म्हायेराला परत यायला वाट पायजे का न्हाई? ती वाट म्हंजी गाडीचं लोखंड. म्हायेराची वाट बंद केली तर लेक हसंल का सांगा."

"नाही हसणार," मी म्हणालो.

"मंग दिवा कसा लागंल? आन् वाट कशानं बंद व्हती? गंजानं. न्हाईतर रंगानं. रंग दिसाया ग्वाड, पर वीज त्यातनं जात न्हाई. सगळे तार तपासत बसत्यात. परतीची वाट कुणी बगत न्हाई."

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, ही आमच्या सगळ्यांची तऱ्हा. दिवा गेला की आम्ही बल्ब बदलायचो, मग तार बदलायची, मग नशिबाला बोल लावायचा. आबा मात्र आधी चाकू काढायचे.

ते कुणालाही 'साहेब' म्हणत नसत. मालकाला भाऊ, पोलिसाला भाऊ, मलाही भाऊ. एकदा भर पावसात मुंबईचे एक गृहस्थ आले. मोठी परदेशी गाडी, काळीभोर, ढकलत ढकलत गॅरेजपर्यंत आणलेली. आबांनी पुढचं झाकण उघडलं, जरा वेळ पाहिलं आणि चाकू काढला. गृहस्थ पुढं झाले. "रंगाला हात लावायचा नाही. हा रंग विलायतेत दिलेला आहे."

आबांनी चाकू मिटला. "बरं. मंग ढकला."

"कुठं ढकलू?"

"खंडाळ्यापत्तुर ढकला. तितनं उतार हाय. खोपोलीला आपसूक जाईल."

गृहस्थ अर्धा तास धुमसत राहिले. आमच्याकडून चहा घेतला, तोही न पिता ठेवला. शेवटी म्हणाले, करा काय ते. आबांनी बॅटरीची तार जिथं गाडीच्या अंगाला बांधली होती तिथला बोटाएवढा रंग काढला, तार घट्ट आवळली, आणि गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. "एवढंच होतं?" गृहस्थांनी विचारलं. आबा म्हणाले, "एवढंच आसतं. पर तेवढ्यापायी कुणी रंग सोडत न्हाई."

पुण्याहून एकदा एक शिकलेला तरुण आला होता, हातात नवं कोरं मीटर. एका ट्रकचा दिवा लागत नव्हता आणि तो म्हणत होता की तारेत वीज पुरेपूर आहे, काटा दाखवतोय. आबांनी त्याच तारेला आपला बल्ब लावला. बल्ब मिणमिणला आणि बसला. "तुमचं मीटर नुसतं शिवून बगतं," आबा म्हणाले, "माजा दिवा वजन उचलून बगतो." तार कापली तर आत एकाच धाग्यावर तगलेली. तो पोरगा चांगला होता बरं का. त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि आबांच्या पाया पडायला वाकला, तर आबा एकदम बाजूला झाले. पाया पडलेलं त्यांना चालत नसे.

असा माणूस. कुणापुढं वाकायचा नाही आणि कुणाला वाकू द्यायचा नाही. पण आयुष्यात एकदा त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं. आता तेच सांगायचंय.

आपल्याकडं दसऱ्याला माणूस जुना सदरा घालील, पण गाडीला नवा रंग पाहिजे. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या आवारात रंगाच्या वासानं डोकं फिरायचं. सगळे दिवे काढायचे, लाल-हिरवा रंग मारायचा, फुलं-मोर काढायचे, आणि दिवे परत बसवायचे. दिवे बसवणं आबांचं काम. प्रत्येक दिव्याच्या पाठीमागं ते रुपयाएवढा रंग खरवडून काढायचे आणि मगच दिव्याची लोखंडी पट्टी आवळायचे. हे घडलं त्याच्या आधीच्या वर्षी एका ट्रकवाल्यानं यावरून तमाशा केला होता. पूजेच्या गाडीला ओरखडा म्हणजे अपशकुन, असं म्हणून तो मालकांना नाही नाही ते बोलला होता.

म्हणून त्या वर्षी मालकांनी आधीच बजावलं. "आबा, एवढा आठवडा चाकू खिशात ठेवा. दसरा होऊ द्या, मग एकेक गाडी बोलावून खरवडू. दिवे तर लागतायत ना?"

दिवे लागत होते. बोल्टच्या कडेला कुठंतरी उघडं लोखंड टेकत होतं, तेवढ्यावर लागत होते. खंडेनवमीच्या दुपारी शेवटचा ट्रक तयार झाला. एका कांदेबटाट्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक, लालभडक. व्यापाऱ्याची म्हातारी आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आवारातच उभी. आबा ट्रकच्या मागं उकिडवे बसलेले, एका हातात ब्रेकचा दिवा, दुसऱ्या हातात उघडा चाकू. त्यांनी मालकांकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं, आणि चाकू मिटला. दिवा तसाच नव्या रंगावर आवळला. मी वहीत लिहिलं, 'दिवे तपासले, चालू.' त्या आठवड्यात अशा सात गाड्या गेल्या.

त्या लाल ट्रकचा ड्रायव्हर गेनू. नवलाख उंबरे गावचा, चाळिशीचा, बोलायला गरीब. घरात त्याच्याआधी कुणी बैलगाडीच्या पुढं गेलं नव्हतं. लायसन मिळालं तेव्हा त्यानं ते काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावलं होतं, आणि पोलिसानं दटावल्यावर परत काढून खिशात ठेवलं होतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी गेनू घाट उतरत होता. धुकं होतं. पुढं वळणावर म्हशी आडव्या आल्या म्हणून त्यानं ब्रेक दाबला, ट्रक थांबला, आणि मागून आलेली मोटार ट्रकच्या डाव्या कोपऱ्यावर आदळली. मोटारीतल्या बाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्यांचे यजमान मुंबईतले वजनदार गृहस्थ. ते म्हणाले, ट्रकचा लाल दिवा लागलाच नाही. घाटात उभ्या असलेल्या हवालदारानंही तेच सांगितलं. त्या ट्रकला ब्रेकचा दिवा एकच, उजवीकडचा; तो शाबूत होता, पण ब्रेक दाबला तरी लागत नव्हता.

"घाटाच्या तोंडाला थांबलो व्हतो," गेनू सांगत होता. "चाच्या टपरीवाल्याला ब्रेकवर पाय द्याया लावला आन् मागं जाऊन बगितला. लागत व्हता. द्येवाशप्पत लागत व्हता." ऐकणारे हसले. म्हणाले, उचलली जीभ लावली टाळ्याला.

पोलिसांनी ट्रक आणून आमच्या आवारात लावला. दोन दिवसांनी मोटार वाहन खात्याचे इन्स्पेक्टर तपासायला येणार होते. दिवा न बघता गाडी हाकली असं ठरलं असतं तर गेनूचं लायसन कायमचं गेलं असतं, वर खटला. लायसन पोलिसांनी आधीच काढून घेतलं होतं. गेनू घरी गेलाच नाही. आमच्या फाटकाशी गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला. कुणी चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर नाही.

त्याच दुपारी आबा ट्रकच्या मागं गेले. मी ब्रेकवर एक लाकूड दाबून अडकवलं आणि त्यांच्याजवळ आलो. त्यांनी बल्ब काढून बॅटरीवर लावला, लागला. म्हणजे बल्ब ठीक, तो परत बसवला. मग आपला दोन तारांचा बल्ब घेतला, एक टोक दिव्याच्या तारेला आणि दुसरं खालच्या उघड्या लोखंडाला लावलं. लागला. म्हणजे वीज दिव्यापर्यंत येत होती. मग दुसरं टोक दिव्याच्या पट्टीला लावलं. नाही लागला. मग त्यांनी ट्रकच्या मागच्या फळीवर मूठ मारली. ट्रकचा लाल दिवा लागला. पुन्हा मूठ मारली. गेला.

आबा तिथंच मातीत बसले. मग म्हणाले, "गेनू खरं बोलतोय, भाऊ. घाटाच्या तोंडाला लागला आसंल. पुडं खड्ड्यात गाडी आपटली, गेला. म्या केलं ह्ये."

मालक मागं येऊन उभे होते, त्यांनी सगळं पाहिलं. त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि दार लोटलं. मालक वाईट माणूस नव्हते हो, घाबरलेला माणूस होते. मला म्हणाले, "लिहा. बल्ब उडालेला आढळला. बल्ब बघणं हे ड्रायव्हरचं काम, गॅरेजवर काही येत नाही. एक उडालेला बल्ब त्यात बसवून ठेवू."

आणि मी लिहिलं. लाज वाटते सांगताना, पण लिहिलं. त्याच वर्षी लग्न झालं होतं, भाड्याची खोली होती, नोकरी गेली तर पुढं काय हे डोक्यात होतं. मी भित्रा होतो, आजही आहे. पण भीतीनं हात कापला म्हणावं तर तेही नाही. एकेक अक्षर सुबक, वेलांट्या गोल.

आबांना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "वाचा, भाऊ."

मी वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला. "अक्षर लय चांगलं हाय तुमचं. खोटं बी एवढ्या चांगल्या अक्षरात लिवता व्हय?"

मालक म्हणाले, "आबा, उगाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

"धोंडा माजा हाय, भाऊ. पाय बी माजाच. मदी गेनूचा पाय कशाला?"

आणि ते दार उघडून बाहेर गेले. जाताना ट्रकच्या मागच्या दिव्याला त्यांनी आपलं फडकं गुंडाळलं, सुतळीनं करकचून बांधलं आणि मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात फाटकाशी बसलेल्या गेनूला म्हणाले, "ह्याला कुणी हात लावला तर मला हाळी मार." दोन दिवस गेनू त्या फडक्यावर नजर ठेवून बसला. फडक्यात काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

इन्स्पेक्टर आले ते घाईत होते. मालकांनी माझा कागद त्यांच्या हातात दिला. ते वाचत होते तेवढ्यात आबांनी फडकं सोडलं आणि म्हणाले, "कागद ऱ्हाऊ द्या, भाऊ. हितं या."

इन्स्पेक्टरना 'भाऊ' म्हणणारा बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. ते चमकले, पण गेले. आबांनी गेनूला आत बसवून ब्रेक दाबायला लावला. दिवा गप्प. आबांनी बल्ब काढून इन्स्पेक्टरच्या हातावर ठेवला. "बगा, उडालाय का?" नव्हता उडालेला. तो परत बसवला आणि फळीवर मूठ मारली. दिवा लागला. मूठ मारली, गेला. चार वेळा केलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? मग चाकू काढला, नखावर टेकवला, दिवा सोडवला आणि तो लालभडक दसऱ्याचा रंग खरवडला. खर्र, खर्र. फुलामोराच्या मधोमध पांढरा डाग पडला. दिवा परत आवळला. आता मूठ मारली, लाथ मारली, शेवटी एक दगड घेऊन फळी बडवली. दिवा हलला नाही.

"डायवर बगून निगाला व्हता," आबा म्हणाले. "त्याच्या डोळ्याला दिवा दिसला. खोटं काय बोलला?"

"हा दिवा कुणी बसवला होता?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

"म्या."

"रंग खरवडायला पाहिजे हे माहीत होतं?"

"मला न्हाई तर कुणाला?"

"मग का नाही खरवडला? कुणी सांगितलं होतं का तसं?"

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. आबांनी मालकांकडं बघितलंसुद्धा नाही. "हात माजा, चाकू माजा. दुसऱ्याचं नाव कशाला घ्यू?"

"हे तुमच्यावर शेकेल."

"शेकू द्या."

एवढंच बोलले. ना आवाज चढला, ना मान खाली गेली. इन्स्पेक्टर हातातला माझा कागद वर धरून म्हणाले, "आणि हे कुणी लिहिलं?" मी पुढं झालो, कागद त्यांच्या हातातून घेतला आणि म्हणालो, "दुसरा लिहून देतो." जन्मात तेवढं एकच धाडस केलं. त्याचीही हिंमत आबांनीच दिली, माझी नव्हती.

इन्स्पेक्टरनी पोलिसांकडून आणलेलं गेनूचं लायसन तिथंच परत दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि आबांकडं वळला. आबा केव्हाच नळावर जाऊन हात धूत होते.

गॅरेजला कागद आला, आबांना दोनदा वडगावला तालुक्याच्या कचेरीत जाऊन उभं राहावं लागलं, समज मिळाली आणि सुटले. मालकांनी मात्र तपासणीच्याच संध्याकाळी सांगितलं, "आबा, उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला, आत्ताच जातो," आबा म्हणाले. "पर त्या सहा गाड्या तशाच फिरत्यात. त्या बोलवा, खरवडतो, मंग जातो."

"गावभर बोभाटा करायचाय का?" मालक म्हणाले.

आबांनी चाकू आणि बल्ब उचलला आणि निघाले. मी फाटकापर्यंत गेलो आणि त्यांच्या हातात एक चिठ्ठी कोंबली. सहा गाड्यांचे नंबर. ठसठशीत आकड्यांत, कारण आकडे त्यांना वाचता येत. ते म्हणाले, "आत्ता कसं अक्षर शोभलं."

दुसऱ्या दिवसापासून आबा खंडाळ्याच्या अलीकडं, घाट सुरू व्हायच्या आधी रस्त्याच्या कडेला बसायला लागले. उंबराचं झाड होतं, त्याखाली. चिठ्ठीतल्या नंबरची गाडी दिसली की सरळ रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे, दोन्ही हात पसरून. ड्रायव्हर कचकन ब्रेक मारायचे, आईबापांचा उद्धार करायचे. आबा तडक मागं जायचे आणि खरवडायला लागायचे. एका हवालदारानं हटकलं, "म्हातारबा, मरायचंय का?" आबा म्हणाले, "न्हाई. दुसरं कोण मरू नये म्हणून बसलोय." एका गाडीमालकानं तर कॉलर धरली. नवा रंग, देवाची गाडी, वगैरे वगैरे. आबा म्हणाले, "मारा. पर मारून झालं की दिवा सोडा, मला खरवडाया लागंल." कॉलर सुटली.

पंधरवड्यात पाच गाड्या झाल्या. सहावी आलीच नाही. पुढं कळलं की ती विकली गेली होती, नाशकाकडं कुठंतरी. कुणाला, ते कुणाला सांगता येईना.

आबा त्या उंबराखालीच राहिले. एक खोकं, एक घोंगडी, चाकू, बल्ब. पहिला गेनू आपला लाल ट्रक घेऊन आला, मग त्याचं बघून दुसरे. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की घाट उतरायच्या आधी ट्रकवाले आपणहून थांबायचे. रुपयाएवढा ओरखडा दिव्यामागं नसला तर ट्रकवाले एकमेकांना हसायला लागले. आमचे मालकही गाड्या तिकडं पाठवायला लागले. स्वतः कधी गेले नाहीत. मला मात्र एकदा म्हणाले, "आबांना विचारा, काही लागतंय का." मी विचारलं. आबा म्हणाले, "सांगा मालकांना, दसऱ्याला चाकू खिशात ठिवाया सांगू नका. बास."

नाशकाकडची पाटी लावलेला ट्रक दिसला की आबा अजूनही उठून मागं जायचे, नंबर बघायचे आणि परत येऊन बसायचे. "ती न्हाई," एवढंच म्हणायचे. माझ्या त्या चिठ्ठीवर पाच नंबरांवर काट मारलेली होती आणि एक उघडा होता. चिठ्ठी घडीवर फाटायला आली तेव्हा मी दुसरी लिहून देतो म्हणालो, तर नको म्हणाले.

शेवटी शेवटी डोळे गेले, मग पाय. मी बेडशाला त्यांच्या घरी गेलो होतो. तोवर वाडीत विजेचे खांब आले होते आणि आढ्याला एक बल्ब लोंबत होता, मधूनच लुकलुकत. आबा अंथरुणावरून म्हणाले, "लुकलुकतोय न्हवं? मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय. त्या वायरमनला म्हनावं, परतीची वाट बग. ऐकत न्हाई." त्यांची सून हसली. मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, ती सहावी आली का?"

माणूस जायला निघालेला. मी काय करणार होतो? मी म्हणालो, "आली आबा. गेल्या महिन्यातच आली. मी स्वतः उभं राहून खरवडून घेतलं."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "कंच्या अंगाचा दिवा व्हता? डावा का उजवा?"

मी म्हणालो, "डावा."

"उजवा हाय तिचा," आबा म्हणाले. मग माझा हात चाचपडून धरला आणि जरासे हसले. "बोलता बी अक्षरासारकंच, भाऊ. लय ग्वाड." आणि हात सोडला नाही. मला त्या वेळी रडू आवरलं नाही, आणि आवरायचं कारणही नव्हतं.

पावसाळा संपता संपता आबा गेले. वाडीतली चार माणसं, मी, गेनू. मालक आले होते, लांब उभे होते.

त्यानंतरच्या दसऱ्याला सकाळी मी गॅरेजमध्ये होतो. गेनू आला. ट्रक आता त्याच्या स्वतःच्या नावावर होता, जुनाच, पण नव्यानं रंगवलेला, पुढं झेंडूचं तोरण. त्याची बायको ताट घेऊन खाली उतरली. ती ओवाळायला पुढं झाली तर गेनू म्हणाला, "थांब." त्यानं पाठीमागचा दिवा सोडवला, खिशातून चाकू काढला, अंगठ्याच्या नखावर टेकवला आणि कोरा करकरीत रंग खरवडायला लागला. बायको ताट धरून थांबली. तिला सवय असावी. रुपयाएवढं लोखंड पांढरं झाल्यावर त्यानं दिवा आवळला आणि मला म्हणाला, "भाऊ, पाय द्या जरा."

मी वर चढलो, ब्रेक दाबला आणि ओरडून विचारलं, "लागला का?"

मागून मुठीचे आवाज आले. एक, दोन, तीन. मग लाथ. मग दगड.

"लागला," गेनू म्हणाला. "सोडा आता."

मी पाय काढला नाही. थोडा वेळ तसाच दाबून धरला.